ओल्या टाक्यांवर आधी गोळी नको, आधी सर्जनला फोन

गोव्यातले सगळे फॅमिली डॉक्टर, आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि नर्स, आणि गावागावातले फार्मसीवाले यांना,

सप्रेम नमस्कार.

माझं मागणं एकच आहे आणि ते सुरवातीलाच सांगते, कारण तुमच्या ओपीडीत आणि काउंटरवर किती गर्दी असते ते मी बघितलंय. गुडघा बदललेला माणूस, ऑपरेशनला आठवडा झाला असेल नाहीतर महिना, तुमच्यासमोर येऊन म्हणाला की टाक्यातनं अजून पाणी येतंय, ड्रेसिंग ओलं होतंय, तर कृपा करून त्याला अँटिबायोटिकची स्ट्रिप देऊन घरी पाठवू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना तिथल्या तिथे फोन लावा आणि त्या माणसाला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तिकडे पाठवा. सर्जन बघेपर्यंत आणि गरज पडली तर गुडघ्यातलं पाणी तपासायला काढेपर्यंत गोळी नको. थंडी वाजून ताप भरलाय, माणूस बरळतोय, बीपी खाली गेलंय असं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा १०८ बोलवायची आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं, तिथे अँटिबायोटिक थांबवून चालत नाही. पण बहुतेक वेळा असं काही नसतंच हो, नुसतं ओलं ड्रेसिंग असतं. आमच्याकडे तेच होतं.

मी फोंडा तालुक्यातली, प्राथमिक शाळेत शिकवते. १८४२ साली ज्या गोव्यात वैद्यकीय शाळा सुरू झाली तिथल्या डॉक्टरांना औषधं शिकवायची माझी लायकी नाही आणि तो हेतूही नाही. दोन वर्षं आईच्या गुडघ्यापायी जे भोगलं आणि त्या निमित्ताने सर्जनना, इन्फेक्शनच्या डॉक्टरना विचारून विचारून जे कळलं ते तुमच्यापर्यंत पोचावं एवढंच.

आईचा डावा गुडघा मे महिन्याच्या सुरवातीला बदलला. मे अशासाठी की चवथीपर्यंत ती चालती फिरती व्हावी. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळांची आणि पानांची चौकट, बांधताना काय कुठे टांगायचं हे आमच्या घरात तीच सांगते, गेली चाळीस वर्षं. आदोळीवर बसून नारळ खवायचं आता विसरायचं हे तिने मान्य केलं होतं, ओट्याला लावायची खवणी आधीच आणून ठेवली होती. ऑपरेशन चांगलं झालं, चौथ्या दिवशी घरी आली, वॉकर घेऊन ओसरीपर्यंत जाऊ लागली, फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली की गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकतोय, आम्ही सगळे खूश.

आठव्या दिवशी ड्रेसिंगवर पाच रुपयाच्या नाण्याएवढा डाग दिसला, गुलाबीसर, वास नाही काही नाही. नवव्या दिवशी परत. दहाव्या दिवशी मी आमच्या डॉक्टरना घरी बोलावलं. ते आमच्या घरचेच म्हणायचे, माझ्या भावाचा गोवर त्यांनी काढला, बाबा गेले त्या रात्री ते आमच्या ओसरीवर पहाटेपर्यंत बसून होते. त्यांनी जखम बघितली, थोडं इन्फेक्शन वाटतंय म्हणाले, पाच दिवसांच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन दिवसांत ड्रेसिंग कोरडं झालं. चौदाव्या दिवशी टाके काढायला गेलो तेव्हा जखम स्वच्छ दिसत होती, ज्यांनी टाके काढले त्यांनी काही विचारलं नाही आणि आम्हीही गोळ्यांचं बोललो नाही. बरं झालं होतं ना, सांगायचं काय असं वाटलं. ही आमची चूक आणि ती मला अजून डाचते.

अठराव्या दिवशी टाक्यांच्या खालच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आणि त्यातनं परत तेच पाणी. या वेळी कुणाला बोलावलंही नाही, जुनी चिठ्ठी फार्मसीत दाखवली आणि तीच स्ट्रिप परत आणली. कोरडं झालं. परत ओलं झालं. मग संध्याकाळच्या एका दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरनी सेफिक्सिम हे दुसरं अँटिबायोटिक दिलं. तोवर पाऊस सुरू झाला होता, आई रात्री कण्हायची, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणायचा की पावसाळ्यात दुखणारच, हाडाचं ऑपरेशन आहे. मावशीने हळद भरायला सांगितली, ती तेवढी आम्ही भरली नाही. असे पाच आठवडे गेले. गोळ्या चालू, बंद, चालू.

सातव्या आठवड्यात सर्जननी सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, करायला सांगितला तो ६२ आला. हा आकडा ऑपरेशननंतर वाढतोच, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर असतो, मग खाली येत जातो आणि पाच-सहा आठवड्यांत दहाच्या आत यायला हवा. एकदा खाली येऊन परत वर चढला किंवा खाली यायचं नावच घेत नसेल तर काहीतरी बिनसलंय. एक्स-रे मात्र अगदी चांगला दिसत होता, सुरवातीच्या इन्फेक्शनमध्ये तो बहुतेक चांगलाच दिसतो, त्यामुळे एक्स-रे बघून कुणी निर्धास्त होऊ नये. मग ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. त्यात पांढऱ्या पेशी हजारोंनी, त्यातल्या नव्वद टक्के जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल, म्हणजे आत जंतू आहेत हे जवळजवळ नक्की, पण कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवलं नाही. चौदा दिवस ठेवलं तरी नाही.

सर्जन तेव्हा जे बोलले ते मी शब्दाला शब्द सांगू शकते. म्हणाले, पाच आठवडे गोळ्या खाल्ल्यात, जंतू अर्धमेला होऊन लपलाय, तो प्लेटवर कसा उगवणार, आणि जंतूचं नाव कळल्याशिवाय मी औषध कुठलं देऊ?

म्हणून गोळ्या पूर्ण बंद करायच्या, दोन आठवडे थांबायचं आणि परत पाणी काढायचं. ते दोन आठवडे कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. गुडघ्यात पू आहे हे ठाऊक असताना औषध न देता बसायचं, रोज सकाळी थर्मामीटर लावायचा, रोज फोटो पाठवायचा. दुसऱ्या नमुन्यात तिसऱ्या दिवशी स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आला. तोपर्यंत ऑपरेशनला दहावा आठवडा लागला होता.

आता तुम्ही म्हणाल की उशिरा का होईना जंतू सापडला, औषध द्या आणि मोकळे व्हा. इथेच सगळी मेख आहे, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी पहिल्या डागाला रात्री दोन वाजता सर्जनच्या दारात जाऊन बसले असते. आपल्याकडे पावसाळ्यात न्हाणीच्या मागच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं बघा. पहिल्या आठवड्यात नुसती बादली ओतली तरी निघतं. महिना गेला की कितीही पाणी ओता, वरून वाहून जातं, शेवाळ चिऱ्याला धरूनच राहतं, घासून काढावं लागतं आणि चिरा मऊ झाला असेल तर चिराच बदलावा लागतो. नव्या गुडघ्यातल्या धातूवर आणि प्लास्टिकवर जंतू असाच चिकट थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. धातूला रक्तपुरवठा नाही, शरीराच्या पेशी तिथे नीट पोचत नाहीत, आणि त्या थराखालचे जंतू जवळजवळ झोपल्यासारखे राहतात, वाढतच नाहीत, त्यामुळे वाढणाऱ्या जंतूंना मारणारी औषधं त्यांना फारसं काही करू शकत नाहीत. गोळी दिली की थराच्या बाहेर तरंगणारे तेवढे मरतात. ड्रेसिंग कोरडं होतं, ताप उतरतो, सीआरपी जरा खाली येतो. आणि आत थर जाड होत जातो.

सर्जन लोकांचा साधारण हिशोब असा असतो, ऑपरेशनपासून चार आठवड्यांच्या आत किंवा त्रास सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत माणूस हाती आला तर गुडघा उघडून, खराब झालेलं सगळं काढून, भरपूर सलाईनने धुऊन, आतला प्लास्टिकचा तुकडा बदलून धातू तसाच ठेवून बघता येतं. त्यानंतर बहुतेक वेळा सगळंच काढावं लागतं. आईचे ते तीन-चार आठवडे गोळ्यांमध्ये गेले.

सगळंच काढावं लागतं म्हणजे काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा. दहा आठवड्यांपूर्वी हाडात बसवलेला गुडघा फोडून काढला. त्या जागी अँटिबायोटिक कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला, त्याला स्पेसर म्हणतात. त्या पायावर नीट भार देता येत नाही, वाकवता येत नाही. कमोडची खुर्ची खाटेशेजारी, तीही माझ्या खांद्याचा आधार घेऊन. चवथीला घुमट वाजवत आरती चालू होती आणि आई आतल्या खोलीत खाटेवर, दार उघडं ठेवलं होतं म्हणून तिला माटोळीचं एक टोक दिसत होतं, त्यावरच्या कांगल्या चुकीच्या बाजूला बांधल्यात एवढंच ती मला म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

सहा आठवडे इंजेक्शन. दंडातनं मोठ्या शिरेपर्यंत एक बारीक नळी घातली होती आणि तिच्यातनं दिवसातून एकदा टायकोप्लॅनिन हे अँटिबायोटिक. आता हे इंजेक्शन देणार कोण? आमच्या जवळच्या एका केंद्रातल्या नर्सबाई द्यायला तयार होत्या, पण अशा नळीला हात लावायची लेखी सूचना त्यांच्याकडे नव्हती, म्हणून नाही म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मग रोज गाडी करून जाऊन येऊन बेचाळीस किलोमीटर, भर पावसात, पाय सीटवर आडवा ठेवून. आरोग्य खात्यातल्या कुणी हे पत्र वाचलं तर माझी विनंती आहे, अशा पेशंटचं रोजचं इंजेक्शन आणि आठवड्याचं नळीचं ड्रेसिंग जवळच्या केंद्रात व्हावं, हॉस्पिटलने चिठ्ठी द्यावी आणि केंद्रातल्या नर्सना त्याचं ट्रेनिंग मिळावं. गोवा केवढासा, ३७०२ चौरस किलोमीटर, बारा तालुके, हे इथे जमायला हवं.

इंजेक्शनं संपली, मग थोडे दिवस औषध बंद ठेवून सीआरपी परत वाढतो का बघितलं, नाही वाढला, आणि नोव्हेंबरात त्याच पायात दुसरा गुडघा बसवला. खर्चाचं फार बोलत नाही पण एक गोष्ट सांगते. २०१७ साली केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये ठरले आणि रिव्हिजनच्या, म्हणजे दुसऱ्यांदा बसवायच्या गुडघ्याला १,१३,९५० रुपये. ही नुसत्या इम्प्लांटची किंमत. त्यात दोन ऑपरेशनं, इंजेक्शनं, गाड्या, माझ्या बिनपगारी रजा मिळवा. आम्ही बाबांनी ठेवलेलं सोनं मोडलं.

आता पेडण्याच्या मामांचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं तुम्हाला पटणार नाही. आईचं हे सगळं उरकल्यावर पुढच्या वर्षी मामांचा उजवा गुडघा बदलला. अकराव्या दिवशी ड्रेसिंग ओलं. अगदी तसंच, गुलाबीसर पाणी, ताप नाही, दुखणं बेताचं. मामी त्यांना घेऊन गावातल्या डॉक्टरकडे गेली. त्या बाईंनी जखम बघितली, हात धुतले, आणि मामांना म्हणाल्या, तुमच्या सर्जनचा नंबर द्या. समोर बसूनच फोन लावला. फोटो पाठवला. गोळी दिली नाही, मामीला तर रागच आला की एवढ्या लांब आलो आणि बाईंनी साधी गोळीसुद्धा दिली नाही. त्याच संध्याकाळी ते हॉस्पिटलात होते, दुसऱ्या दिवशी गुडघ्यातलं पाणी काढलं, तिसऱ्या दिवशी उघडून धुतलं, पाच ठिकाणचे तुकडे कल्चरला गेले, प्लास्टिक बदललं, धातू तोच ठेवला. पहिल्याच कल्चरमध्ये जंतू आला, कारण त्याला कुणी आधी गोळ्यांनी अर्धमेला केला नव्हता. आज मामा त्याच गुडघ्यावर नारळाच्या बागेत फिरतात. धुऊन प्रत्येक वेळी वाचतोच असं नाही हे मला माहीत आहे, कितीतरी जणांचा लवकर धुऊनही शेवटी काढावा लागतो. पण मामांना ती संधी मिळाली, आईला मिळाली नाही, आणि दोघांमध्ये फरक म्हणाल तर एका फोनचा.

मामांच्याच बाबतीतली आणखी एक गोष्ट फार्मसीवाल्यांसाठी. धुतल्यानंतर आधी इंजेक्शनं आणि मग तीन महिने दोन गोळ्या, रिफॅम्पिसिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन. चिठ्ठी घेऊन मामी फार्मसीत गेली तर काउंटरवरचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, हें टीबीचें वखद न्हय? झालं. वाड्यावर बातमी पसरली, लघवी केशरी होते म्हटल्यावर तर खात्रीच, शेजारच्या बाईने नातवंडांना मामांकडे पाठवायचं बंद केलं, आणि मामांनी चार दिवस गोळी गुपचूप खाल्लीच नाही. तर सांगायचं असं की रिफॅम्पिसिन टीबीसाठी देतात हे खरं, पण धातूवर बसलेल्या स्टॅफच्या, म्हणजे स्टॅफिलोकोकस जंतूंच्या, थरात शिरून काम करणारी फार थोडी औषधं आहेत त्यातलं हे एक. ते एकटं कधी द्यायचं नसतं, जंतू थोड्याच दिवसांत त्याला दाद देईनासे होतात, म्हणून बरोबर दुसरं असतं. त्यामुळे एक स्ट्रिप संपली आणि दुसरी आहे, चालेल, असं होत नाही, दोन्ही असायला हव्यात. आणि ते रक्त पातळ करायच्या गोळीचा, डायबिटीसच्या काही गोळ्यांचा जोर कमी करतं, मामांची साखर एकदम चढली ती त्यामुळेच. फॅमिली डॉक्टरनी अशा वेळी साखरेची गोळी वाढवताना एकदा सर्जनशी बोलावं, आणि रिफॅम्पिसिन संपलं की वाढवलेला डोस परत कमी करायचा लक्षात ठेवावं, नाहीतर साखर धाडकन खाली येते.

मी गोळ्यांच्या विरुद्ध आहे असं समजू नका. उलट ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झाला, ओव्हिवा नावाचा, २०१९ साली छापून आला, हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनचे हजारावर पेशंट होते, त्यात दिसलं की पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेली गोळी शिरेतल्या इंजेक्शनपेक्षा कमी पडत नाही. आणि २०२१ साली फ्रान्सचा एक अभ्यास आला त्यात बारा आठवडे औषध घेणाऱ्यांपेक्षा सहा आठवडे घेणाऱ्यांमध्ये इन्फेक्शन टिकून राहायचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं, १८ टक्के आणि ९ टक्के. म्हणजे गोळीने काम होतं, भरपूर होतं, पण ऑपरेशन झाल्यावर, जंतूचं नाव कळल्यावर आणि ठरलेले दिवस पुरे केल्यावर. अंदाजाने पाच दिवस दिलेली गोळी आणि ती गोळी यांची पाकिटं सारखी दिसतात म्हणून आमच्यासारख्यांचा घोटाळा होतो.

फार्मसीवाल्यांनो, तुम्हाला एक सांगते, आईची जखम किती वाहतेय ते सर्जनच्या आधी तुम्हाला कळलं होतं. आम्ही गॉजची पाकिटं किती नेतो यावरून. पहिल्या आठवड्यात दोन, चौथ्या आठवड्यात दिवसाआड एक, मायक्रोपोरचं रीळ, बीटाडीनची बाटली. बंद झालेल्या जखमेला गॉज लागत नाही. गोव्यात माणूस डॉक्टरच्या आधी फार्मसीत जातो, तुम्ही त्याला नावाने ओळखता, त्याच्या घरात कुणाचं काय ऑपरेशन झालं तेही तुम्हाला ठाऊक असतं. तेव्हा जुन्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा स्ट्रिप मागायला कुणी आलं की एवढंच विचारा, कुणासाठी आणि कुठल्या जखमेसाठी? सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिन ही तर शेड्यूल एच-वनमधली औषधं, २०१४ पासून त्यांची नोंद वहीत ठेवायचा नियम आहे, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या ते. ती वही भरताना गुडघा हा शब्द कानावर आला तर थांबा.

आणि डॉक्टर, प्रत्येक गरम गुडघा म्हणजे इन्फेक्शन असं मी म्हणत नाही. बदललेला गुडघा कितीतरी महिने शेजारच्या गुडघ्यापेक्षा गरम लागतो, संध्याकाळी सुजतो, ते चालतं. घाबरायचं ते याला की पाच-सात दिवसांनंतरही पाणी येतंय, कमी होत आलेलं दुखणं परत वाढलंय, विशेषतः रात्री स्वस्थ पडलेलं असतानाही, लाली पसरतेय, टाका उसवलाय. भोक पडून आतनं वाहत असेल आणि ते सांध्यापर्यंत पोचत असेल तर इन्फेक्शन आहे हे धरूनच चालायचं असं सर्जन सांगतात. दवाखान्यात बसून त्या भोकातनं स्वॅब घेऊ नका, त्यात वरच्या कातडीवरचे जंतू येतात आणि दिशाभूल होते. गुडघ्यात सुईही घालू नका, आणि दुखतंय म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन तर मुळीच नको. अजून ऑपरेशन व्हायचंय अशा गुडघ्यातसुद्धा आधीच्या तीन महिन्यांत स्टिरॉइड दिलं तर इन्फेक्शनचा धोका वाढतो, तेव्हा कुणाची तारीख ठरली असेल तर तेही विचारून घ्या.

गोव्यात हे सगळं जास्त महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडे साखर. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाबचा अभ्यास आला त्यात गोव्यात डायबिटीसचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशातल्या सगळ्या राज्यांत जास्त. चार मोठ्या माणसांमागे एक. आईलाही आहे. ऑपरेशनच्या आधी तिची एचबीएवनसी, म्हणजे आधीच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ८.९ होती हे मी नंतर फाईल चाळताना बघितलं, दोन-तीन महिने थांबून ती खाली आणता आली असती. गुडघा काही अपेंडिक्स नव्हे, तो थांबू शकतो. आधीच साखर आटोक्यात आणणं, दात आणि लघवीचं काही इन्फेक्शन असेल तर निपटणं, पायाला जखम असेल तर भरू देणं, हे तुमच्या हातात आहे, सर्जनपेक्षा जास्त तुमच्या हातात आहे, कारण पेशंट तुमचं ऐकतो.

पायावरनं आठवलं. इन्फेक्शन सुरवातीलाच होतं असं नाही, पाच वर्षांनी दहा वर्षांनीही रक्तातनं जंतू येऊन गुडघ्यात बसू शकतात. इन्फेक्शनच्या डॉक्टरनी आईला विचारलं, पावसात चिखल्या होतात का? होतात की, दर वर्षी, परसात अनवाणी जाते ती. म्हणाले त्या भेगांमधनंच जंतू शिरतात, पाय सुजतो, आणि तिथनं गुडघा काही लांब नाही. तेव्हापासून तिच्या बोटांच्या बेचक्या रोज रात्री कोरड्या करून बघते. तुमच्याकडे शेतात, कुळागरात काम करणारी माणसं येतात, ज्यांचा गुडघा बदललाय त्यांच्या पायाची बोटं पावसाळ्यात बघत जा. आणि चांगला चालणारा जुना गुडघा एका रात्रीत सुजून दुखायला लागला, ताप आला, तर तेही त्याच दिवशी सर्जनकडे, तीन आठवड्यांचा हिशोब तिथेही त्या रात्रीपासूनच चालू होतो.

सर्जन मंडळी हे वाचत असतील तर तुम्हालाही एक सांगायचं आहे. आईच्या डिस्चार्ज कार्डावर सहा ओळी होत्या, सगळ्या इंग्रजीत, इन्फेक्शनची लक्षणं दिसल्यास संपर्क साधावा अशी एक ओळ आणि खाली रिसेप्शनचा नंबर, जो संध्याकाळी सातनंतर कुणी उचलत नाही. लक्षणं कुठली ते लिहिलेलं नव्हतं. मराठीत नाहीतर कोंकणीत एक पान द्या, त्यावर रात्री उचलला जाईल असा नंबर द्या, आणि फॅमिली डॉक्टरच्या नावे दोन ओळी लिहा की जखम ओली झाली तर अँटिबायोटिक न देता आम्हाला कळवा. फॅमिली डॉक्टरना फोन करायला संकोच वाटतो हे आमच्या डॉक्टरनीच मला सांगितलं. म्हणाले, बाय, एवढ्या मोठ्या सर्जनला ड्रेसिंग ओलं झालं म्हणून रात्री फोन करायचा कसा.

त्यांच्याकडे मी गेले होते, आईचा दुसरा गुडघा बसल्यावर. भांडायला गेले नव्हते. सगळ्या तारखा एका कागदावर लिहून नेल्या होत्या, कुठल्या दिवशी पाणी, कुठल्या दिवशी कुठली गोळी. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तो कागद माझ्याकडेच मागून घेतला. आता त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक यादी आहे, सर्जनांची नावं आणि मोबाईल, हाताने लिहिलेली. मी तसंच एक पान मराठीत आणि कोंकणीत तयार केलंय, आमच्या तिंट्यावरच्या फार्मसीत काउंटरच्या काचेला लावलंय, ज्याला हवं त्याने शाळेत येऊन न्यावं.

आई आता काठी घेऊन देवळापर्यंत जाते. गुडघा नव्वदपर्यंत काही वाकत नाही, सत्तरपर्यंत वाकतो. गेल्या चवथीला माटोळीखाली खुर्ची टाकून बसली आणि कांगल्या तिच्या मनासारख्या बांधून घेतल्या. उजवा गुडघाही आता झिजलाय, रात्री धरून बसते, पण ऑपरेशनचं नाव काढलं की उठून आत जाते. मी तिला मनवतेय. ती हो म्हणाली की पहिल्या दिवशीच मी आमच्या डॉक्टरना आणि सर्जनना एकाच खोलीत बसवून एकमेकांचे नंबर घ्यायला लावणार आहे, आणि आमच्या फार्मसीवाल्याला सांगून ठेवणार आहे की मी दुसऱ्या आठवड्यात गॉज मागायला आले तर मला गॉज देऊ नकोस, आधी विचार.

आपली,
फोंडा तालुक्यातली एक लेक